यंत्र बदला, पण खेळ कापू नका

फोनवर इम्युलेटर, म्हणजे दुसऱ्या यंत्राचं सोंग घेणारं सॉफ्टवेअर, टाकून जुने कन्सोल गेम खेळणाऱ्यांबद्दल माझं एक ठाम मत होतं. ते आता राहिलेलं नाही. ज्यांच्यासमोर मी ते वर्षानुवर्षं आग्रहानं मांडलं, त्या भाचेमंडळींना, ऑफिसातल्या तरुण सहकाऱ्यांना आणि गेमिंगवर रात्र-रात्र गप्पा मारणाऱ्या मित्रांना हे कळायला हवं, म्हणून हे मनोगत.

माझं म्हणणं तीन मुद्द्यांचं होतं. एक, इम्युलेटर ही फुकट्यांची सोय आहे. दोन, ‘कॉम्प्रेस’ केलेला गेम हा मूळचा गेम नव्हेच. जीबीभराचा ऐवज दोन-तीनशे एमबीत बसवला म्हणजे त्यातलं काहीतरी मारलं गेलंच असणार. तीन, ज्या यंत्रासाठी गेम घडवला त्याच यंत्रावर तो खेळावा. फोनच्या काचेवर अंगठे घासून मिळणाऱ्या अनुभवाला काही अर्थ नाही. यातला पहिला मुद्दा मी आज पूर्ण सोडून दिला आहे. तिसरा अर्धा टिकला आहे. आणि दुसरा पूर्वीपेक्षाही जास्त पटतो आहे, फक्त त्याचा रोख आता वेगळीकडे आहे.

हे मत हवेतून आलं नव्हतं. नव्वदच्या दशकात आपल्याकडे घराघरांत जो ‘टीव्ही गेम’ पोचला, तो बहुतेक ठिकाणी जपानी यंत्राची नक्कल होता. ‘९९९९ इन १’ असं छापलेल्या कॅसेटमध्ये मोजकेच गेम नावं बदलून पुन्हा पुन्हा भरलेले असत. पुढे प्लेस्टेशन २ आला, तोही नकली डिस्क चालाव्यात म्हणून चिप बसवून घेतलेला. पदपथावर प्लॅस्टिकच्या पाकिटात मिळणाऱ्या डिस्कवर तो चालायचा. गेमसाठी पैसे मोजायचे असतात ही कल्पनाच आमच्या घरांत नव्हती. कमवायला लागल्यावर मी पहिल्यांदा सीलबंद डिस्क विकत घेतली. आतली पुस्तिका वाचून काढली आणि मागच्या पानांवरच्या नावांपाशी थांबलो. अ‍ॅनिमेशन कुणी केलं, आवाज कुणी दिला, चाचण्या कुणी घेतल्या, सगळं तिथे होतं. त्या नावांनी माझी नजर बदलली. हे माणसांचं काम आहे आणि कामाचा मोबदला द्यायचा असतो, इतकं ते साधं होतं. ते मी आजही मानतो.

त्याच सुमारास आपल्या देशातही कन्सोलसाठी गेम तयार होऊ लागले होते. २००९ मध्ये हैदराबादच्या ऑरोना टेक्नॉलॉजीजचा ‘हनुमान: बॉय वॉरियर’ प्लेस्टेशन २ वर आला. त्याच वर्षी हैदराबादच्याच गेमशास्त्रनं ‘देसी अड्डा’ काढला; त्यात कबड्डी होती, विटीदांडू होता, पतंगबाजी होती. मग २०१० मध्ये मुंबईच्या ट्राइन गेम्सनं ‘स्ट्रीट क्रिकेट चॅम्पियन्स’ आणला, प्लेस्टेशन २ आणि सोनीचाच हातात धरून खेळायचा पीएसपी या दोन्हींसाठी. आपल्या गल्लीतलं क्रिकेट सोनीच्या यंत्रावर पाहताना मला जो आनंद झाला, तो शब्दांत सांगणं अवघड आहे. आपले लोक या धंद्यात उभे राहायचे असतील तर डिस्क विकत घेतली पाहिजे, हे तेव्हा मी जो भेटेल त्याला सांगत असे. पुढे फोनवर ‘पीएसपीचे गेम फुकट’ असं कुणी म्हटलं की माझ्या डोळ्यांसमोर हीच माणसं यायची. म्हणून मी इतका चिडून बोलत असे.

माझा भाचा कराडला शिकतो. त्याच्याकडे मध्यम किमतीचा अँड्रॉइड फोन आहे. पीएसपी त्यानं कधी हातात घेतलेला नाही. सोनीनं तो जपानमध्ये डिसेंबर २००४ मध्ये आणला, तेव्हा याचा जन्मही झाला नव्हता. दिवाळीच्या सुट्टीत तो आमच्याकडे आला आणि दिवाणावर आडवा होऊन ‘गॉड ऑफ वॉर: चेन्स ऑफ ऑलिम्पस’ खेळत बसला. २००८ चा हा गेम रेडी अ‍ॅट डॉन या कंपनीनं खास पीएसपीसाठी घडवला होता. मी शेजारी बसलो तो खोड काढायच्या तयारीनंच. पण चित्र पाहिलं आणि बोलायला काही उरलं नाही. पीएसपीचा पडदा ४८० बाय २७२ पिक्सेलचा. इम्युलेटर तोच गेम त्याच्या कितीतरी पट रिझोल्यूशनवर रेखाटत होता. नायक क्रॅटॉसच्या हातातल्या साखळीची कडी न् कडी सुटी दिसत होती आणि भर लढाईतही गती कुठे अडखळत नव्हती.

गेमच्या शेवटाकडे एक प्रसंग आहे. क्रॅटॉस इलिसियममध्ये, म्हणजे ग्रीक पुराणातल्या स्वर्गात, पोचतो. तिथे त्याला त्याची मेलेली मुलगी, कॅलिओपी, भेटते. तिच्याजवळ राहता यावं म्हणून तो आपली सगळी ताकद आणि शस्त्रं सोडून देतो. मग पर्सेफोनी या देवीचा डाव उघड होतो: जग संपवायचं, आणि त्याबरोबर ही मुलगीही संपणार. तिला वाचवायचं तर ताकद परत मिळवायला हवी, आणि त्यासाठी तिच्यापासून कायमचं दूर जायला हवं. मुलगी बापाला बिलगलेली असते आणि तिला ढकलण्याचं बटण खेळणाऱ्यालाच दाबावं लागतं. एकदा दाबून भागत नाही, पुन्हा पुन्हा दाबावं लागतं. मारधाडीचा म्हणून ओळखला जाणारा हा गेम त्या काही सेकंदांत खेळणाऱ्याला आतून हलवतो.

भाचा तिथे पोचला. पडद्यावर बटणाची खूण आली. त्यानं मान वर करून मला विचारलं, “मामा, हिला का ढकलायचं?”

त्याला ती कोण हेच ठाऊक नव्हतं. त्याच्या कॉपीत एकही व्हिडिओ नव्हता आणि संवादांचा आवाज काढून टाकलेला होता. जिथे गोष्ट सांगितली जाते तिथे क्षणभर काळा पडदा येई आणि पुढची लढाई सुरू होई. सबंध गेम तो असाच खेळला होता. ‘हायली कॉम्प्रेस्ड’ या नावानं त्याला मिळालेली फाइल मूळच्या काही हिश्श्याएवढीच होती, आणि तिचं आकारमान कमी कसं झालं हे आता आम्हा दोघांसमोर होतं. संगीत नाटकातली पदं गाळून नुसत्या एन्ट्री-एक्झिट करून दाखवाव्यात, तसं काहीसं त्याला गेम म्हणून दिलं गेलं होतं.

त्या दिवशी माझ्या मनातल्या दोन गोष्टी वेगळ्या झाल्या, ज्या मी तोवर एकच समजत होतो. इम्युलेटरनं आपलं काम चोख केलं होतं. खेळ मारला होता तो कापाकापी करणाऱ्यानं.

मग मी या विषयात नीट शिरलो. माझ्याकडे त्या गेमची मूळ यूएमडी होती आणि चालू स्थितीतला पीएसपीही होता. यूएमडी ही कवचातली छोटी डिस्क कुठल्याही संगणकाच्या ड्राइव्हमध्ये बसत नाही. ती वाचायची तर पीएसपीच हवा. पीएसपीवर कस्टम फर्मवेअर, म्हणजे सोनीच्या प्रणालीची बदललेली आवृत्ती, टाकून तो यूएसबीनं संगणकाला जोडला की डिस्क एका आयएसओ फाइलच्या रूपात समोर दिसते आणि ती कॉपी करून घेता येते. माझ्या डिस्कची अशी प्रत मी काढली, तिची सीएसओ फाइल केली आणि माझ्या फोनवर टाकली. आकार कमी झाला, आणि गेम मात्र पूर्णच्या पूर्ण राहिला.

हे कसं होतं, ते समजून घेण्यासारखं आहे. सीएसओ करताना डिस्कवरचा मजकूर २०४८ बाइटच्या तुकड्यांत वाटला जातो. प्रत्येक तुकडा स्वतंत्रपणे आवळला जातो. फाइलच्या सुरुवातीला एक सूची असते आणि कुठला तुकडा कुठे सुरू होतो ते तिच्यात लिहिलेलं असतं. जो तुकडा आवळून काही उपयोग नाही, तो आहे तसाच ठेवून सूचीत तशी खूण केली जाते. गेमला डिस्कवरचा एखादा भाग हवा झाला की इम्युलेटर सूची पाहतो, तेवढाच तुकडा उलगडतो आणि पुढे देतो. उलगडल्यावर बाइट न् बाइट मूळ डिस्कशी जुळतो. जुनी आर्केड यंत्रं जतन करणाऱ्या ‘मेम’ प्रकल्पातून आलेला सीएचडी हा प्रकारही आता पीएसपीच्या गेमसाठी चालतो. त्यातही काही गमावलं जात नाही.

असं असेल तर काही गेम निम्म्याहून लहान का होतात आणि काही जेमतेम का घटतात? यूएमडीवर १.८ जीबीपर्यंत जागा असते. गेमचा मजकूर तेवढा नसेल तर काही डिस्कवर भरताड घातलेली असते. हा निरर्थक भाग जवळपास नाहीसा होतो आणि गेमला त्याचा पत्ताही लागत नाही. याउलट व्हिडिओ आणि संगीत डिस्कवर टाकतानाच आवळलेलं असतं. त्याला दुसऱ्यांदा आवळून फारसं काही निघत नाही. त्यामुळे ज्या गेममध्ये चित्रफिती आणि आवाज भरपूर आहेत, त्याची फाइल कुणी शंभर-दीडशे एमबीत देत असेल तर त्यानं ती आवळलेली नाही. त्यानं आतलं काहीतरी उचलून फेकलं आहे. एवढं एक सूत्र लक्षात ठेवलं तरी फसवणूक ओळखता येते.

पुढचा प्रश्न इम्युलेटरचा. पीएसपीच्या गेमसाठी जो सर्वांत जास्त वापरला जातो तो पीपीएसएसपीपी. हेन्रिक रिडगार्ड या प्रोग्रॅमरनं तो नोव्हेंबर २०१२ मध्ये पहिल्यांदा लोकांसमोर ठेवला. त्याचा सगळा कोड खुला आहे, आणि गेली अनेक वर्षं जगभरातले लोक त्यात भर घालत आले आहेत. पीएसपीचा प्रोसेसर मिप्स जातीचा आणि फोनचा एआरएम जातीचा. एकाची भाषा दुसऱ्याला कळत नाही. म्हणून इम्युलेटर गेमच्या सूचना चालता चालता फोनच्या भाषेत उतरवत जातो. पीएसपीच्या आत सोनीची जी कार्यप्रणाली होती, तिची कामं इम्युलेटर स्वतःच्या कोडनं करून दाखवतो. त्यामुळे सोनीची कुठलीही फाइल त्याला लागत नाही. त्याच्यासोबत व्यावसायिक गेमही येत नाहीत. गेम ज्यानं त्यानं आपला आणायचा असतो. ही सगळी वर्षानुवर्षांची मेहनत आहे, आणि एका बंद पडत चाललेल्या यंत्राला नीट समजून घेण्याची आहे. अशा कामाला मी फुकट्यांची सोय म्हणत होतो. आज मी त्याला गेमच्या इतिहासातलं मोठं काम म्हणतो.

कायदाही इम्युलेटरला चोर म्हणत नाही. संगणकावर प्लेस्टेशनचे गेम चालवणाऱ्या कनेक्टिक्स कंपनीच्या इम्युलेटरविरुद्ध सोनी अमेरिकेत कोर्टात गेली होती. फेब्रुवारी २००० मध्ये तिथल्या अपील न्यायालयानं निकाल कनेक्टिक्सच्या बाजूनं दिला. पुढे सोनीनंच २०१८ मध्ये ‘प्लेस्टेशन क्लासिक’ बाजारात आणला, तेव्हा त्याच्या आत खुल्या कोडचा पीसीएसएक्स-रीआर्म्ड हा इम्युलेटर होता. अ‍ॅपलनं २०२४ च्या एप्रिलमध्ये जुन्या कन्सोलच्या इम्युलेटरना दार उघडलं आणि मे महिन्यात पीपीएसएसपीपी आयफोनवरही अधिकृतपणे आला. आपला कॉपीराइट कायदा १९५७ चा. त्याच्या कलम ५२ मध्ये, कायदेशीर मार्गानं मिळवलेल्या संगणकीय प्रोग्रॅमची प्रत हरवू-बिघडू नये म्हणून सुरक्षित कॉपी काढायला मुभा आहे. त्याच कायद्याचं ६३ब हे कलम, बेकायदा प्रत आहे हे ठाऊक असून ती संगणकावर वापरणं हा गुन्हा ठरवतं. रेषा इथे आहे: साधनाला दोष नाही, प्रत कुठून आली याला आहे.

पण माझं मत खऱ्या अर्थानं हललं ते कायद्यानं नव्हे, काळानं. यूएमडी आता कुणी बनवत नाही. पीएसपी कुणी बनवत नाही. त्याच्यावरची ऑनलाइन खरेदी सोनीनं २०२१ च्या जुलैमध्ये बंद केली. ‘चेन्स ऑफ ऑलिम्पस’ घडवणारी रेडी अ‍ॅट डॉन कंपनी २०२४ मध्ये तिच्या मालकांनी बंद केली. अमेरिकेतल्या व्हिडिओ गेम हिस्टरी फाउंडेशननं २०२३ मध्ये एक अभ्यास प्रसिद्ध केला. २०१० च्या आधी अमेरिकेत निघालेल्या गेमपैकी ८७ टक्के आज बाजारात विकत मिळत नाहीत, असं त्यात दिसलं. म्हणजे पैसे देण्याची इच्छा असूनही ते कुणाला द्यायचे, हा प्रश्न दहापैकी जवळजवळ नऊ गेमबाबत आहे.

हे परदेशी गेमचं झालं. ‘स्ट्रीट क्रिकेट चॅम्पियन्स’चं काय? ‘देसी अड्डा’चं काय? मोठ्या कंपन्यांचे लोकप्रिय गेम नव्या यंत्रांवर पुन्हा निघतात. मुंबई-हैदराबादच्या छोट्या स्टुडिओंच्या सुरुवातीच्या गेमसाठी तेवढा खर्च कोण करणार? हे गेम जगाच्या मापानं फार मोठे नसतील. तरी आपल्या मुलांनी विटीदांडू आणि गल्ली क्रिकेट कन्सोलवर पहिल्यांदा पाहिलं ते यांच्यात. ज्या डिस्क घराघरांतल्या माळ्यांवर पडून आहेत, त्या वाचणारी यंत्रं एकेक करून थांबत चालली आहेत. यूएमडी वाचायला पीएसपी लागतो हे वर सांगितलंच. म्हणजे हक्कानं घेतलेल्या डिस्कची कॉपी काढण्याची मुदतही त्या यंत्रांबरोबर संपत चालली आहे. ज्या माणसांच्या बाजूनं मी इतकी वर्षं बोलत होतो, त्यांचं काम उद्या कुणाला पाहता येणार असेल तर ते इम्युलेटरमुळेच. हे लक्षात आल्यावर जुन्या मताला चिकटून राहणं मला शक्य नव्हतं.

आता तिसरा मुद्दा, यंत्राच्या अनुभवाचा. इथे मी अर्ध्यावर आलो आहे. पीएसपीचं बटण दाबल्याचं बोटाला कळतं, काचेवरचं कळत नाही. ‘टेकन’सारख्या लढाईच्या गेममध्ये तिरकी दिशा आणि बटण एकाच वेळी द्यावं लागतं. काचेवर अंगठा अर्ध्या बोटानं सरकला तरी डाव फसतो. ‘पाटापोन’ हा तर ठेक्यावरच उभा असलेला गेम. चौकोनाचं बटण म्हणजे ‘पाटा’, गोलाचं म्हणजे ‘पोन’. ‘पाटा-पाटा-पाटा-पोन’ अशा चार ठोक्यांवर इवलेसे सैनिक पुढे चालतात आणि ‘पोन-पोन-पाटा-पोन’वर हल्ला करतात. ठोका तालात पडला नाही तर ते गोंधळून थांबतात. फोनला ब्लूटूथ इयरफोन लावून हा खेळायला गेलात तर आवाज किंचित उशिरा पोचतो आणि सगळी लय बिघडते. तारेचे इयरफोन लावा, शक्य असेल तर एखादा कंट्रोलर जोडा, म्हणजे खेळ पुन्हा तालावर येतो. सेव्ह स्टेटचा मोहही टाळावा, असं मी सांगेन. दर दहा पावलांवर गेम गोठवून ठेवला तर हरण्याची भीती जाते आणि जिंकण्यातली गोडीही जाते.

तरीही फोननं काही गोष्टी दिल्या आहेत, ज्या मूळ यंत्राकडे नव्हत्या. मोठा पडदा आहे, स्वच्छ चित्र आहे. पीएसपीच्या मेमरी स्टिकवरचा सेव्हडेटा फोल्डर फोनवर टाकला आणि माझे जुने सेव्ह जसेच्या तसे उघडले. त्यातलंच एक उघडून मी भाच्याला माझ्या फोनवर तो इलिसियमचा प्रसंग पुन्हा खेळायला दिला, या वेळी आवाजासह आणि व्हिडिओसह. त्यानं फोन खाली ठेवला आणि म्हणाला, “मामा, हा तर वेगळाच गेम आहे. मी पहिल्यापासून खेळतो.” हाच गेम इतके दिवस तो खेळत होता. आणि ज्या फोनला मी नावं ठेवत होतो, त्याच प्रकारच्या फोनवर तो गेम त्याच्यापर्यंत पूर्ण पोचला होता. मूळ यंत्राचा माझा आग्रह तिथे मागे पडला. गेम अखंड पोचणं महत्त्वाचं आहे. तो कुठल्या यंत्रावर पोचला, हे त्यानंतर येतं.

मत बदललं म्हणून सगळ्यालाच माझी संमती आहे असं कुणी समजू नये. जे गेम आज दुकानात आहेत, ज्यांच्यावर आज माणसांचे पगार अवलंबून आहेत, ते इम्युलेटरवर फुकट खेळणं मला आजही नामंजूर आहे. तेव्हा चालू पिढीच्या असलेल्या स्विच कन्सोलचा इम्युलेटर ‘युझू’ याच्या कर्त्यांवर निन्टेन्डोनं फेब्रुवारी २०२४ मध्ये खटला भरला. पुढच्याच महिन्यात २४ लाख डॉलर भरून आणि काम बंद करून त्यांना तडजोड करावी लागली. अजून विक्रीलाही न आलेला गेम लोक त्यावर खेळत होते, असा कंपनीचा आरोप होता. असल्या वापराला जतन म्हणता येत नाही, आणि जतनासाठी राबणाऱ्यांना त्याची किंमत मोजावी लागते. याच कर्त्यांनी निन्टेन्डोच्या ३डीएस या जुन्या यंत्राचा ‘सिट्रा’ हा इम्युलेटरही तेव्हाच बंद केला. नव्याच्या हव्यासात जुन्याचं नुकसान झालं.

आणि ‘हायली कॉम्प्रेस्ड’च्या बाजाराला माझा विरोध आता दुप्पट आहे. पूर्वी मी त्याला फक्त चोरी म्हणत होतो. आता म्हणतो की तो कामाचीही नासाडी करतो आणि खेळणाऱ्याचीही. ज्यानं आवाज दिला त्याचा आवाज काढला, जिनं चित्रफीत केली तिची चित्रफीत काढली, संगीतकाराची गाणी पुसली, आणि उरलेल्या सांगाड्यावर मूळ गेमचं नाव ठेवलं. मोबदला बुडाला तो बुडालाच, वर केलेलं कामही पुसलं गेलं. शिवाय अशा फाइलींसोबत पासवर्ड लावलेली झिप, ‘आधी हे अ‍ॅप टाका’ असा आग्रह आणि फोनवर काहीबाही बसवणाऱ्या कुठल्याशा एपीके फाइली येतात. ज्या फोनमध्ये आपलं बँकेचं खातं आहे, त्या फोनमध्ये हे घेऊ नये. डेटा महाग होता आणि फोनमध्ये जागा कमी होती, तेव्हा लहान फाइलची ओढ मी समजू शकत होतो. आज तीही अडचण फारशी उरलेली नाही. एक-दीड जीबीची पूर्ण फाइल ठेवायला बहुतेक फोनमध्ये जागा असते.

तर आता मी लोकांना काय सांगतो? ज्यांच्याकडे जुन्या यूएमडी आणि डिस्क आहेत, त्यांनी यंत्र चालू आहे तोवर त्यांच्या प्रती काढून ठेवाव्यात, आणि आवळायच्याच तर सीएसओ किंवा सीएचडीमध्ये आवळाव्यात, काहीही न कापता. ज्यांनी हे गेम घडवले, त्या आपल्या मुंबई-हैदराबादच्या लोकांना माझी विनंती आहे की मूळ फाइली आणि कोड टाकून देऊ नका. जमलं तर ते गेम फोनवर किंवा संगणकावर पुन्हा विक्रीला काढा. पहिला ग्राहक मी असेन. इम्युलेटर वापरत असाल तर पीपीएसएसपीपीची ‘गोल्ड’ आवृत्ती विकत घ्या. फुकटच्या आवृत्तीत आणि तिच्यात सोयींचा फरक नाही. जे राबतात त्यांना मान म्हणून ती घ्यायची. आणि जुना गेम नव्यानं विक्रीला आला की तो विकतच घ्या. ‘पाटापोन’चे पहिले दोन भाग २०२५ मध्ये नव्या यंत्रांवर आणि संगणकावर आले आहेत. सोनीच्या प्लेस्टेशन प्लसच्या भारतातल्या ‘डिलक्स’ योजनेत जुन्या गेमची यादी आहे, ती आधी पाहा. इम्युलेटरकडे वळायचं ते दुकानानं पाठ फिरवल्यावर.

ज्या मुलांना मी रागावून गप्प केलं होतं, त्यांना आता एवढंच सांगेन: फोनवर खुशाल खेळा. फक्त फाइल सुरू करण्याआधी तिचा आकार पाहा, ती कुठून आली ते विचारा, आणि गेम संपल्यावर वर सरकणारी नावं शेवटपर्यंत वाचा. तुमच्या कॉपीत ती नावंच नसतील, तर तो गेम तुम्ही अजून खेळलेला नाही.